उजवीकडून पहिला गोल

जी उत्तरपत्रिका साऱ्या देशातल्या शाळांना चालली, ती मला चालली नाही. सगळं इथून सुरू झालं. हे मी आधीच कबूल करून टाकते, कारण पुढं सांगता सांगता मी सगळा दोष छापखान्यावर ढकलीन. माझा स्वभावच तसा आहे.

मी तफीला या डोंगरावरच्या गावात एका मुलींच्या शाळेत समुपदेशक आहे. म्हणजे ज्या मुलीचं वर्गात कुणाशी पटत नाही ती माझ्या खोलीत येते, रॉकेलच्या शेगडीजवळ बसते, मरमियाची पानं घातलेला चहा पिते आणि एक अक्षर न बोलता तास संपला की निघून जाते. मी वहीत लिहिते, 'चर्चा झाली.' अशी बावीस वर्षं झाली. माझं नाव इन्साफ, पण शाळेबाहेर मी उम्म उबैदा, म्हणजे उबैदाची आई. उबैदा माझा थोरला, तो राजधानीत, अम्मानला शिकतो. धाकटी रिनाद आमच्याच शाळेत नववी ब मध्ये आहे. तिच्याबद्दल तेव्हा मला कुणी विचारलं असतं तर मी म्हणाले असते, गुणाची पोर, तिचा काही त्रास नाही.

नोव्हेंबरात आरोग्य खात्याचं खोकं आलं. आठवी ते दहावीच्या मुली काय खातात, किती झोपतात, सिगारेट ओढतात का, मारामाऱ्या करतात का, एकट्या पडतात का, हे त्यांनाच विचारायचं आणि पुढचे धोके आधी ओळखायचे, अशी ती पाहणी होती. चाळीस प्रश्न, तीन भाग. पहिले दोन भाग सवयींचे, तिसरा मनाचा. प्रत्येक प्रश्नापुढं पाच गोल, 'कधीच नाही'पासून 'नेहमी'पर्यंत, मधला गोल 'कधीकधी'. नाव लिहायचं नाही. गोल रंगवायचा, पत्रिका पाकिटात टाकून पाकीट चिकटवायचं. राजधानीतलं यंत्र ते वाचणार.

प्रश्न अरबीत होते. गोलांवर मात्र ए, बी, सी, डी, ई, आणि तेसुद्धा डावीकडून. म्हणजे मुलीनं प्रश्न उजवीकडून वाचत डावीकडं जायचं, आणि उत्तरं मात्र डावीकडून मोजत उजवीकडं यायचं. मी म्हटलं, ही परीक्षा आहे की मानेचा व्यायाम? सोबत बारीक अक्षरात सूचना होती, 'उत्तरपत्रिकेत कोणताही बदल करू नये.' असं काही वाचलं की माझ्या मानाला धक्का लागतो. ज्यानं हे लिहिलं तो आमच्या डोंगरावर कधी चढला तरी असेल का?

मी मुख्याध्यापिका सित्त खितामकडं गेले. सित्त म्हणजे बाई, आणि खिताम म्हणजे समाप्ती. चार मुलींनंतर आईबापांनी हे नाव ठेवलं, की आता पुरे. त्यानंतर तिघी आणखी झाल्या. तेव्हापासून कुठल्याही गोष्टीचा शेवट आपल्या हातात आहे यावर सित्त खितामचा विश्वास राहिलेला नाही. त्या म्हणाल्या, "काय करायचं ते कर, फक्त माझी सही मागू नकोस."

माझ्या वरच्या मजल्यावर उम्म सुफयान राहते. तिला मी काही सांगत नाही, पण तिला सगळं कळतं. ती म्हणाली की पहिलं अक्षर अलिफ, तेच उजवीकडं नसेल तर त्या कागदाला बरकत कशी येणार. एवढा पाठिंबा मला पुरला. दुसऱ्याच दिवशी मी पत्रिका घेऊन खालच्या बाजारात अबू कुतैबाच्या छापखान्यात गेले आणि त्याला सांगितलं, गोल आहेत तिथंच ठेव, कोपऱ्यातले काळे चौकोनही तसेच, ते यंत्राला लागतात. फक्त अक्षरं आपली घाल. अलिफ, बा, जीम, दाल, हा. उजवीकडून.

अबू कुतैबा लग्नाच्या पत्रिका छापतो आणि मयताच्या बातम्या. लग्नांचा हंगाम सरला होता. पट्टी लावून त्यानं इतकं नेमकं काम केलं की एक गोल केसभर हलला नाही. फक्त कागद त्याच्याकडं एकाच प्रकारचा शिल्लक होता, मयताच्या बातमीचा, कडेनं बोटभर काळी चौकट असलेला. मी कुरकुरले. तो म्हणाला, "बाई, चौकट आहे, नाव नाही. तुम्हालाही नाव नकोच होतं ना?"

पाहणीच्या दिवशी खोऱ्यातून धुकं वर आलं आणि वीज गेली. तीनशे बारा मुली अंधुक उजेडात काळ्या चौकटीच्या कागदावर वाकून बसल्या. एरवी तीन मुली एकत्र आल्या तरी मला माझं बोलणं ऐकू येत नाही. त्या दिवशी साऱ्या शाळेत फक्त पेन्सिलींची खसखस होती. भिंतीत काहीतरी चरतंय असं वाटत होतं. मी वर्गावर्गातून फिरून सांगत होते की खरं लिहा, कुणाला कळणार नाही. नववी ब मध्ये मागच्या बाकांवरून कुणीतरी विचारलं, "मिस, खरंच कुणाला कळणार नाही?" आवाज इतका लहान होता की कोण बोललं ते मला समजलं नाही. मी त्या दिशेनं म्हणाले, "माझ्या उबैदाची शपथ, मलासुद्धा नाही."

जानेवारीत डॉक्टर नायिफ स्वतः आले. राजधानीतला माणूस स्वतः तफीलाला चढून येतो तेव्हा एक तर शाबासकी असते नाहीतर चौकशी. सित्त खितामनी शाबासकी धरून खजुराची बिस्किटं मागवली होती. डॉक्टरांनी बिस्किटाला हात लावला नाही. शेगडीजवळ बसूनही कोट काढला नाही. मग त्यांनी अहवाल वाचायला सुरुवात केली.

आमच्या तीनशे बारा मुलींपैकी दोनशे नव्याण्णव रोज सिगारेट ओढत होत्या. दोनशे ऐंशीजणी रोज मारामारी करत होत्या. दात कुणी घासत नव्हतं. न्याहारी कुणी करत नव्हतं. मैत्रीण जवळपास कुणालाच नव्हती, आणि झोप तर साऱ्या शाळेत कुणाला येत नव्हती. डॉक्टर नायिफ अहवाल खाली ठेवून म्हणाले, "मी बंदरातल्या वस्त्या पाहिल्यात, तुरुंग पाहिलेत. असं कुठं पाहिलं नाही. आणि हे वय पाहा." वयही गोल रंगवूनच विचारलं होतं, आणि त्या रकान्यात आठवीच्या मुली पंधराच्या होत्या, नववीच्या चौदाच्या आणि दहावीच्या तेराच्या. वरच्या वर्गात जाईल तशी मुलगी लहान होत होती.

सित्त खिताम बराच वेळ त्या आकड्यांकडं पाहत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "अकरावीत गेल्यावर काय होतं त्यांचं?"

मी तेव्हाच विचार करायला हवा होता. पण माणूस घाबरला की विचार करत नाही, आकड्यांवर विश्वास ठेवतो.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही शाळेत जपून पाय टाकू लागलो. शिक्षिका मुलींच्या जवळून जाताना हुंगायच्या. साबणाचा वास यायचा. तीनशे मुली रोज ओढतात आणि धुराचा पत्ता नाही, हे कसं? दप्तरं तपासली. त्यांत ज़ातरचा मसाला लावलेल्या रोट्या सापडल्या, लबन्याच्या, म्हणजे घट्ट दह्याच्या डब्या सापडल्या, एक मोजा सापडला. सिगारेट एकही नाही. एखादी सापडली असती तर आम्हाला केवढा धीर आला असता. काहीच न सापडल्यामुळं गणिताच्या शिक्षिकेला ताप आला. मग खानावळवाली बाई म्हणाली की माझ्या रोट्या तर रोज संपतात, मग या उपाशी असतात तर खातं कोण. यानंतर मधल्या सुट्टीत शिक्षिका एकट्या पटांगणात जाईनाशा झाल्या.

सकाळच्या रांगेत धुक्यात पुढच्या दोन ओळी दिसायच्या, मागच्या फक्त ऐकू यायच्या. हजेरीला एकामागून एक "हजर" येत राहायचं, कोण बोलतंय ते दिसायचं नाही. आता यांच्यातल्या दोनशे ऐंशीजणी रोज मारामारी करतात म्हटल्यावर ती शांतता मला सोसेना. मुली शांत का आहेत? कुणाची वाट पाहताहेत? एकदा तिसऱ्या ओळीतली एक पोर माझ्याकडं पाहून हसली. चार महिन्यांपूर्वी मी म्हणाले असते, गोड मुलगी आहे. त्या दिवशी मी दोन पावलं मागं सरले आणि झेंड्याच्या खांबावर आपटले.

उम्म सुफयानला अर्थातच सारं कळलं. तिनं निदान केलं की शाळेच्या जागी पूर्वी कुणाचं तरी बिऱ्हाड असणार, माणसांचं नव्हे, आणि मुली बाहेरून आपल्या वाटतात तेवढंच. तिनं मला मीठ दिलं, ते दारात टाकायला. सफाईवाल्या बाईनं ते झाडून टाकलं आणि शाळेत मीठ सांडणाऱ्याचा शोध घ्यावा अशी लेखी तक्रार केली. ती तक्रार समुपदेशकाकडं, म्हणजे माझ्याकडंच, चौकशीला आली.

डॉक्टर नायिफनी जाताना एक आशेची गोष्ट सांगितली होती. तीनशे बारांत एक पत्रिका वेगळी होती. त्या मुलीनं सवयींचे पंचवीस प्रश्न कोरे सोडले होते. डॉक्टर म्हणाले, वाईट सवयीच नसतील तर बिचारी रंगवणार काय. पण मनाच्या भागात तिनं पंधराच्या पंधरा प्रश्नांची उत्तरं दिली होती, आणि ती सगळी उत्तम. एकटं वाटतं का, कधीच नाही. जवळच्या मैत्रिणी, भरपूर. काळजीनं झोप उडते का, कधीच नाही. मधल्या सुट्टीत सोबत कुणी असतं का, नेहमी. आईवडिलांना माझ्या अडचणी कळतात का, नेहमी. त्या साऱ्या घोळक्यात एकच आनंदी मुलगी. "ती कोण हे विचारायची परवानगी नाही," डॉक्टर म्हणाले, "पण कळलंच तर मला कळवा." आणि त्या पत्रिकेची प्रत, कडेला यंत्रानं लावलेल्या उत्तरांसकट, त्यांनी माझ्या टेबलावर विसरल्यासारखी ठेवली.

मी ती प्रत घरी आणली. वरचा अर्धा कागद कोरा, खालच्या अर्ध्यात पंधरा काळे गोल, आणि भोवती ती मयताची चौकट. गोल कडेकडेनं दाबून रंगवले होते, आणि प्रत्येकाच्या मधोमध एक पांढरा ठिपका सोडला होता. पंधरा डोळे माझ्याकडं पाहत होते. मी कागद पालथा घातला. थोड्या वेळानं पुन्हा सुलटा केला, कारण ते डोळे मी ओळखत होते.

रिनाद चार वर्षांची असताना अशीच रंगवायची. सूर्य असो, संत्रं असो, मध्ये एक पांढरा ठिपका ठेवायचीच. मी विचारलं होतं की यम्मा, हे का सोडलंस. आमच्याकडं आई मुलीलाच लाडानं यम्मा म्हणते, आणि मुलगीही आईला यम्मा; एका घरात दोन यम्मा असतात आणि कुणी कुणाला हाक मारली हे बाहेरच्याला कळत नाही. तर ती म्हणाली होती, "त्याला श्वास घ्यायला."

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. जिला साऱ्या शाळेत धोका नाही ती एकटी मुलगी, माझी. उबैदाची शपथ घेतली होती ती आठवली, नाही असं नाही. पण शपथ वाईट बातमी कळू नये म्हणून असते, असा मी माझ्यापुरता निकाल दिला. नवरा मर्वान सिमेंटच्या कारखान्यात पाळीवर असतो, आठवड्यातून दोन दिवस घरी येतो. त्याला फोनवर शेवटचं उत्तर तीनदा वाचून दाखवलं. तो म्हणाला, "आईवडिलांना कळतात? म्हणजे मला धरून?" मी म्हणाले, दोघांना मिळून विचारलंय. तो बराच वेळ खूश होता.

वरून उम्म सुफयान नजर लागू नये म्हणून निळा मणी घेऊन आली, आणि येता येता तिनं तो जिन्यातल्या चौघींना दाखवला. पुढं गोष्ट माझ्या हातात राहिली नाही. सित्त खितामनी जिल्ह्याच्या संचालकांना कळवलं, संचालकांनी सत्कार ठरवला, अबू कुतैबानं मानपत्र छापलं. कागद तोच. रिनादला मी काही सांगितलं नाही. तिला आनंदाचा धक्का द्यायचा होता.

सत्काराच्या सकाळी इतकं धुकं होतं की संचालकांना मंचाची पायरी हातानं दाखवावी लागली. 'शाळेतली सर्वांत आनंदी मुलगी' असं म्हणून नाव पुकारलं. धुक्यातून रिनाद आली. बूट वाजले नाहीत, नुसती आली. मी मानपत्र तिच्या हातात दिलं. तिनं ते पाहिलं, मग मला पाहिलं, आणि ओठ जेमतेम हलवून विचारलं, "यम्मा, तू वाचलंस?"

"सगळं वाचलं," मी म्हणाले.

"आणि तुला आनंद झाला?"

"मग? इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता."

ती काही वेळ माझ्याकडं पाहत राहिली. चुकून दुसऱ्याच्या दारात उभं राहिल्यावर माणूस बघतो तसं. मग वळून आपल्या ओळीकडं गेली. ती जागेवर पोचताच दोन्ही बाजूंच्या मुली एकेक पाऊल सरकल्या. मला वाटलं, मान देताहेत.

मानपत्र मी बैठकीत लावलं. उम्म सुफयान ते बघून आधी "माशाल्लाह" म्हणाली, मग चौकट बघून "अल्लाह त्याला स्वर्गात जागा देवो" म्हणाली, मग तिला नेमकं काय म्हणायचं ते सुचेना. रिनाद मात्र त्या दिवसापासून शहाण्यासारखी वागू लागली. फार शहाण्यासारखी. मी विचारायचे, जेवलीस का. ती म्हणायची, "नेहमी." झोप लागली का. "नेहमी." काही हवंय का. "कधीच नाही." आवाज वर नाही, खाली नाही, समोरच्या भिंतीवरचं वाचून दाखवावं तसा. मला पहिले दोन दिवस गंमत वाटली, पोर पाहणीच्या भाषेत बोलतेय. तिसऱ्या दिवशी ती खोलीत आहे की नाही ते पाहायला मी दार उघडलं, तर ती पलंगावर ताठ बसून दाराकडेच पाहत होती. मी दार लावून घेतलं.

आठवड्यानं संचालकांचं पत्र आलं. मानपत्राची प्रत त्यांच्या कचेरीत लावायची होती, पण काळ्या चौकटीशिवाय. मी तावातावानं अबू कुतैबाकडं गेले. एका कागदानं माझी काय अब्रू गेली हे त्याला ऐकवलं. अहवालाचंही ऐकवलं, तो मयताच्या बातम्या जुळवत शांतपणे ऐकत होता. आठवीच्या मुली दहावीपेक्षा मोठ्या निघाल्या म्हटल्यावर त्यानं हातातला ठसा खाली ठेवला.

"बाई," तो म्हणाला, "मूळ कागदावर पहिला गोल डावीकडं होता. तुमच्या सांगण्यावरून मी पहिला उजवीकडं केला. हे त्या यंत्राला कुणी सांगितलं का?"

मी म्हणाले, यंत्राला काय सांगायचं.

"त्याला अरबी येतं का?"

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मुलींनी उजवीकडचा पहिला गोल रंगवला, 'कधीच नाही'. यंत्रानं डावीकडून मोजलं, पाचवा गोल, 'नेहमी'. सिगारेट कधीच नाही, यंत्र म्हणालं नेहमी. न्याहारी नेहमी, यंत्र म्हणालं कधीच नाही. तेराची मुलगी पंधराची झाली आणि पंधराची तेराची. आमच्या मुली माणसांच्याच होत्या. मी त्या छापखान्यात मोठ्यानं हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, आणि मयताच्या बातमीसाठी आलेली दोन माणसं माझ्याकडं पाहून टोप्या सरळ करू लागली.

बाजारापासून शाळेपर्यंत सरळ चढ आहे. मी तो धावत चढत होते, माझ्या वयाला न शोभेल अशी. दात घासतात! झोपतात! धापा टाकत मी सित्त खितामना फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं.

"म्हणजे सगळं उलट?" त्या म्हणाल्या.

"सगळं उलट."

"अल्हम्दुलिल्लाह," सित्त खिताम म्हणाल्या. मग त्यांना सवयीनं शंका आली. "सगळ्या मुलींचं ना? सगळ्या म्हणजे सगळ्याच?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि चढाच्या मध्यावर थांबले.

एकटं वाटतं का. जवळच्या मैत्रिणी. काळजीनं झोप उडते का. मधल्या सुट्टीत सोबत कुणी असतं का. एकेक प्रश्न मला पाठ होता, उत्तरंही पाठ होती, शेजारणींना म्हणून दाखवली होती. आता ती एकेक करून पालटत गेली, आणि शेवटचं, मर्वानला तीनदा वाचून दाखवलेलं, तेही पालटलं. मी फोन बंद केला. शाळेकडं गेलेच नाही, घरी गेले.

रिनाद शाळेतून आली होती. स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती, दप्तर पाठीवर तसंच. मी बैठकीतून मानपत्र खिळ्यावरून काढून आणलं आणि पालथं घालून टेबलावर ठेवलं.

"पडलं?" तिनं विचारलं.

"काढलं," मी म्हणाले. "यम्मा, मी उलटं वाचलं."

तिला कळेना. मग मी सांगितलं, अक्षरं, छापखाना, यंत्र, सगळं. बावीस वर्षांत मी कुणाला इतकं वाईट समजावलं नसेल. वाक्यं अर्धवट सुटत होती आणि नाक गळत होतं. ती ऐकत राहिली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू परत येत होतं, आणि ते पाहून मला उलट अधिकच भीती वाटली, कारण इतके दिवस ते गेलेलं होतं हे मला तेव्हा कळलं.

"मला वाटलं," ती म्हणाली, "तू खरं तेच वाचलंस. आणि तरी टाळ्या वाजवतेयस."

मी चहाचं पाणी ठेवलं, ते उकळून आटलं, पुन्हा ठेवलं. तेवढ्यात ती बोलायला लागली होती. वर्गात तिच्याशी कुणी बोलत नव्हतं, गेलं वर्षभर. भांडण नव्हतं. तिला सांगितलेलं माझ्यापर्यंत पोचेल, एवढंच मुलींना वाटायचं. समुपदेशकाची मुलगी. ती आली की बोलणं थांबायचं. मधली सुट्टी ती मागच्या जिन्यावर काढायची आणि रोटी मांजराला घालायची. पत्रिका खरी भरली ती मी शपथ घेतली म्हणून. सवयींचे प्रश्न तिनं सोडले, कारण तिला सांगायचं होतं ते त्यांत नव्हतं. आणि मग मी तिला साऱ्या शाळेसमोर मंचावर उभं केलं, म्हणजे मी पाकिटं फोडून वाचते हे सगळ्यांना दिसलं.

"मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं होतं," मी म्हणाले. "खरंच कुणाला कळणार नाही का म्हणून."

"मीच विचारलं होतं," रिनाद म्हणाली. "तू माझ्याकडं बघूनच उत्तर दिलंस."

स्वतःच्या मुलीचा आवाज मी ओळखला नव्हता. शाळेभर भुतं शोधत फिरले होते, आणि घरात जी असून नसल्यासारखी वागत होती तिच्या हातचा चहा पीत होते. मला तिची माफी मागायची होती. तोंडातून नुसतं "यम्मा" एवढंच आलं, आणि ते इतकं बारीक आलं की ती मला म्हणाली की मी तिला, हे बाहेरच्याला खरंच कळलं नसतं.

तिनं दप्तर पाठीवरून काढलं. मग माझ्याकडचा चहा ओढून घेऊन एक घोट प्यायली.

वरून उम्म सुफयान खाली येत असल्याचा आवाज आला. मी दाराला आतून कडी लावली, आयुष्यात पहिल्यांदा. तिनं तीनदा ठोठावलं, मला कळलंय सगळं असं दारातूनच सांगितलं आणि परत गेली. रिनाद हसली. थोडंच, पण आवाज झाला. मग मी ठरवलं की आता विचारायचं, नीट, कागदाशिवाय. पहिले पंचवीस सोडले. सव्विसाव्यापासून विचारत गेले. कुठं ती लगेच बोलली, कुठं बराच वेळ गप्प राहिली, एकदा रडली. मी वहीत काही लिहिलं नाही. बाहेर धुकं खोऱ्यात उतरून गेलं होतं आणि समोरच्या डोंगरावरची घरं एकेक करून दिसू लागली होती.

चाळिसावा प्रश्न मला विचारवेना. तिनंच विचारला, माझ्याच आवाजाची नक्कल करून. "आईवडिलांना माझ्या अडचणी कळतात का?"

तिनं पेन्सिल घेतली, पालथ्या मानपत्राच्या कोऱ्या पाठीवर पाच गोल काढले, आणि बराच विचार करून मधला रंगवला. मध्ये ठिपका सोडून.

"हा," ती म्हणाली. "हा कुठूनही मोजला तरी तोच येतो."